उल्रिके मॅडमचा वाटा

प्रत्येक स्टाफरूममध्ये एक कपाट असतं. त्यात काय आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, तरी ते दर वर्षी जास्तच गच्च होत जातं. किश्श्यांचंही तसंच. ते कुणी मुद्दाम ठेवत नाही. कुणीतरी काहीतरी बोलून जातं, आपण हसतो, तासाची घंटा होते आणि किस्सा मागे राहतो. मग एक दिवस दार उघडायला जावं, तर सगळं अंगावर!

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र विभागात आम्ही तिघं. विभागप्रमुख सावंत सर, मी आणि उल्रिके मॅडम. सर राजापूरकडचे, मी मंडणगडची आणि मॅडम जर्मनीच्या. त्यांचं आडनाव उच्चारायच्या फंदात आमच्याकडे कुणी पडत नाही. सावंत सरांनी उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही. ते "बघू या" म्हणतात. मॅडमनी उभ्या जन्मात 'नाही'शिवाय फारसं काही म्हटलेलं नाही. माझं टेबल दोघांच्या मधोमध आहे, त्यामुळे माझी करमणूक फुकटात होते.

मॅडम जर्मनीत अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. निवृत्त झाल्यावर नाटे गावाच्या अलीकडच्या एका लहानशा मच्छीमार गावातल्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीचा, अभ्यास करायला त्या एका हंगामासाठी आमच्या विभागात पाहुण्या संशोधक म्हणून आल्या, आणि अजून इथेच आहेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या किनाऱ्याची फाईल सध्या वरच्या ऑफिसांतून फिरतेय. मुंबईच्या एका कंपनीला तो किनारा हवाय. कुंपण घालून, रिसॉर्टसाठी. किनारा गेला की रापण गेली, आणि रापण गेली की अख्खं गाव मुंबईला जाऊन कुणाच्या तरी गेटवर उभं राहणार! हे प्रकरण पेपरात आल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, "ती गोरी बाई कोण हो? तिचा तिथे काय संबंध?"

तर संबंध सांगते.

*

मॅडम आल्या त्या आठवड्यात प्राचार्यांनी स्वागत समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ आणि हापूसचं कलम. ओळख करून देताना प्राचार्य रंगात आले. "मॅडम म्हणजे युरोपातलं मोठं नाव! जर्मन सरकारला आर्थिक धोरणावर सल्ला देणाऱ्या समितीवर त्या कित्येक वर्षं होत्या!" टाळ्यांचा कडकडाट.

मॅडम माइकपाशी गेल्या. इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणाल्या, "एक दुरुस्ती. मी सल्ला दिला. त्यांनी तो घेतला नाही. मग पुढच्या समितीवर त्यांनी मलाच घेतलं नाही."

मी हे मराठीत सांगितलं. प्राचार्यांनी कसंबसं सावरलं, "म्हणजे मॅडम स्पष्टवक्त्या आहेत!"

नंतर कळलं ते असं. ती समिती दर वर्षी सरकारला एक जाडजूड अहवाल द्यायची. बाकीच्या सदस्यांचं दर वर्षी एकमत व्हायचं: पाणी, रेल्वे, जंगल, जे जे सगळ्यांचं आहे ते एकेकाला चालवायला देऊन टाका, तो नीट सांभाळेल. आणि दर वर्षी अहवालाच्या शेवटी मॅडमची वेगळी पानं असायची, की मला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही. "मग सरकारची तक्रार काय होती?" मी विचारलं.

"लोक अहवाल शेवटून वाचायला लागले!"

त्या समारंभात टीवायच्या एका मुलीने धीर करून विचारलं होतं, "मॅडम, समितीत तुमच्या बाजूने कोण होतं?"

मॅडमना प्रश्नच कळेना. "म्हणजे काय? मी होते ना!"

*

मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी आपली 'तुमचं नाव काय', 'पाणी कुठे मिळेल' अशी वाक्यं काढून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "ते नंतर. आधी मला एक वाक्य दे. 'आय डू नॉट अ‍ॅग्री'."

मी म्हटलं, "मला हे पटत नाही."

त्यांनी ते दिवसभर घोटलं. जिन्यावर, कँटीनमध्ये, झाडाखाली. दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजर म्हणाला की खातं उघडायला अजून पंधरा दिवस लागतील, तर ह्या म्हणाल्या, "मला हे पटत नाही." आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. वाद नाही, आवाज नाही. नुसत्या बसल्या! जेवणाच्या सुट्टीपर्यंत खातं उघडलं.

मी विचारलं, "मॅडम, जगातली सगळी वाक्यं सोडून हेच का हो पहिलं?"

"ह्या एका वाक्यावर माझी नोकरी झाली," त्या म्हणाल्या. "आणि ह्याच वाक्यावर बाकी सगळं गेलं."

ते म्हणताना त्या हसत होत्या, पण मला काही हसू आलं नाही. आपल्याकडे असं वाक्य एकदा बोललं तरी बढती जाते. ही बाई आयुष्यभर बोलत राहिली, आणि म्हातारपणी परक्या भाषेत पुन्हा तेच शिकायला बसली.

*

मॅडमचं सगळं अर्थशास्त्र एका प्रश्नात मावतं. जाडजाड पुस्तकं लिहिलीत त्यांनी, पण ती सगळी त्या एका प्रश्नाची शेपटं आहेत असं त्या स्वतःच म्हणतात. कुठलीही योजना समोर आली की त्या विचारणार, "हे बिघडलं, तर इथे राहणार कोण?" जो राहणार आहे त्याने ठरवावं. जो जाणार आहे त्याने सल्ला द्यावा, चहा प्यावा आणि जावं.

त्यांच्याकडच्या एका शहराने नळपाण्याची योजना खासगी कंपनीला देऊन टाकली होती. मॅडमनी विरोध केला, तर पेपरवाल्यांनी त्यांना जुनाट, हट्टी, काय काय म्हटलं. पुढे कंपनीने पाइप दुरुस्त करायचं सोडून दिलं, आणि शहराने रडतखडत योजना परत घेतली. ज्या मंत्र्याने मॅडमची टिंगल केली होती त्यानेच फोन केला. "बाई, तुमचं बरोबर होतं."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर तेव्हा होतं. आता नुसतं महाग पडलंय." आणि फोन ठेवला!

हे ऐकून सावंत सर घाबरेघुबरे झाले. "मंत्र्याचा फोन... तुम्ही ठेवलात? आधी?"

*

पुढे आमच्या कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली. असल्या समित्या आल्या की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयातल्या खुर्च्यांचे पाय एका उंचीचे होतात आणि सावंत सरांची झोप उडते. सरांनी मॅडमना हात जोडून सांगितलं, "काही विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या. अगदी थोडक्यात!"

समितीतल्या एका गृहस्थांनी फाईल उघडून विचारलं, "मॅडम, तुमच्या संशोधनाचा समाजावर काही इम्पॅक्ट?"

"मंत्री चिडले," मॅडम म्हणाल्या.

गृहस्थ हसले. "तसं नाही. इम्पॅक्ट मोजता यायला हवा. मेजरेबल काही?"

मॅडमनी जरा विचार केला. "तीन मंत्री."

सर म्हणतात, त्या वर्षी आमची श्रेणी खाली आली ती ह्यामुळेच. मी म्हणते, आली तर आली. उत्तर थोडक्यात होतं की नाही?

*

आता रापण. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत जाळं वाळूवर आणतात. जो दोराला हात लावेल त्याला वाटा. जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. खारवी, मुसलमान, एखादा सुट्टीवर आलेला मास्तर, जो ओढेल तो. वाळूवर माशांचे ढीग लागतात, आणि म्हाताऱ्या विधवेचाही एक ढीग त्यात असतो.

ह्या रापणीचे म्होरके दाजी. वय झालंय, पण आवाज असा की पलीकडच्या खाडीत ऐकू जावा. मॅडम पहिल्या दिवशी टोपी, गॉगल आणि टेपरेकॉर्डर घेऊन वाळूवर लांब उभ्या राहिल्या. दाजींनी थोडा वेळ बघितलं आणि हाक मारली, "ओ बाय! बघणाऱ्याचं हितं काय काम नाय. दोराला हात लाव, नायतर सावलीत बस!"

मॅडमनी टेपरेकॉर्डर माझ्या हातात दिला आणि दोर धरला. तळव्यांची सालं निघाली, तरी सोडला नाही. शेवटी वाळूवर ढीग लागले, तर एका ढिगाकडे बोट दाखवून दाजी म्हणाले, "ह्यो तुजा."

मॅडम एकदम मागे सरल्या. त्यांच्या विद्यापीठाचा नियम होता म्हणे, की ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याकडून भेटवस्तू घ्यायची नाही. मी दाजींना ते समजावून सांगितलं. दाजी चिडले. "भेट कोण देतंय हिला? ह्यो वाटा हाय. वाटा टाकून ग्येली तर उद्या दोराला हात लावू नको म्हणावं!"

मॅडमनी बांगडे घेतले. पण बाई जर्मन! रीतसर विद्यापीठाला ईमेल केली, की मासे मिळाले आहेत, काय करू? तिकडून उत्तर आलं: भेट असेल तर परत करा. ह्यांनी कळवलं, भेट नाही. पुन्हा उत्तर आलं: मग मजुरी असेल, पण मजुरी घेतली तर तुमच्या व्हिसाच्या अटी मोडतात, तेव्हा नेमकं काय ते स्पष्ट करा.

मॅडमनी शेवटची ईमेल केली ती मला वाचून दाखवली. "ही भेट नाही. ही मजुरी नाही. हे जे काही आहे त्याला तुमच्या नियमांत जागा नाही. तुम्ही जागा करा. तोपर्यंत मी ते खाल्लेलं आहे."

*

हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या गावात देवाला गाऱ्हाणं घालतात. दाजी हात जोडून एकेक मागणं मांडतात, की बा देवा, जाळ्याला यश दे, पोरांना सुखरूप परत आण, आणि प्रत्येक वाक्याला अख्खा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" रापणीतले हमीदचाचा लांब झाडाखाली उभे राहून बघतात, आणि पोरांना सुखरूप आण म्हटलं की त्यांचेही ओठ हलतात. मॅडमना हे सगळं फारच आवडलं. ओरडून ओरडून घसा बसवून आल्या.

त्याच आठवड्यात आमची स्टाफ मीटिंग होती. प्राचार्य ठराव वाचत होते. नवीन बायोमेट्रिक मशीन घ्यावं असं ठरत आहे. आम्ही माना डोलावल्या. ग्रंथालयाची वेळ कमी करावी असं ठरत आहे. आम्ही माना डोलावल्या. आणि मागच्या रांगेतून बसलेल्या घशाने आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

प्राचार्य लाल झाले. "मॅडम, ही मीटिंग आहे. इथे चर्चा चालू आहे!"

"चर्चा?" मॅडमनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तिथे लोक निदान तोंड उघडून हो म्हणतात."

ग्रंथालयाची वेळ आहे तीच राहिली. हे कुणामुळे झालं ते मिनिट्समध्ये नाही.

*

एकदा मॅडम आणि दाजी यांची जुंपली. वाळूवर बसून. मी दुभाषी, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारी!

मॅडमचं माहेर जर्मनीच्या उत्तरेकडच्या समुद्रकाठी. तिकडे गावं समुद्राच्या पातळीखाली, म्हणून बांध घालून पाणी अडवतात. पूर्वी प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा असायचा. ज्याला तो सांभाळणं झेपेना त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि शेतघर सोडून निघून जायचं. जो फावडं उपटेल त्याला जमीन, पण बांधही त्याच्या गळ्यात. मॅडम हे अभिमानाने सांगत होत्या.

दाजींना ते मुळीच रुचलं नाही. "आनि ज्याचं हातपाय मोडलं, त्यानं पन जायाचं? आमच्यात जो आजारी पडतो त्याचा वाटा घरी जातो."

"काम न करता?"

"आजारी हाय म्हटल्यावर काम कसं करील?"

"मग उद्या सगळेच आजारी पडतील!" मॅडम उसळल्या. हा त्यांच्या अभ्यासातला फार जुना प्रश्न. यावर त्यांची दोन प्रकरणं आहेत.

दाजी शांतपणे म्हणाले, "पडून बघ."

वाद तिथेच राहिला. दोघांनीही माघार घेतली नाही, आणि मॅडमनी वहीत लिहिलं की ही पद्धत धोक्याची आहे.

पुढच्या पावसाळ्यात मॅडम खरंच आजारी पडल्या. साधंसुधं नाही. ऑपरेशनसाठी जर्मनीला जावं लागलं, आणि तिकडून त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा सावंत सर आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. हंगाम सुरू झाला, दिवाळी झाली, मॅडमची खुर्ची रिकामी.

एक दिवस दाजी एसटीने रत्नागिरीला आले आणि एक गोणी थेट आमच्या स्टाफरूममध्ये आणून टाकली. खारवून वाळवलेले बांगडे! कॉमर्सचे लोक खिडक्या उघडायला धावले.

"हे काय, दाजी?"

"बायचा वाटा. ती येईस्तवर टिकाया पायजे, म्हनून खारवलाय."

"पण दाजी, त्या... त्या परत येतील का हेच आपल्याला ठाऊक नाही."

दाजी माझ्यावर खेकसले. "आजारी हाय ना? मेली तर नाय? मंग?"

मी व्हिडिओ कॉल लावून मॅडमना ती गोणी दाखवली. डोक्यावरचे केस गेलेले, हाताला नळी. त्यांनी मला गोणीचं तोंड उघडून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "दाजींना सांग, मला अजूनही पटत नाही. पण मी येतेय."

आणि आल्या! गोणी संपायच्या आत आल्या.

*

त्या परत आल्या तोवर किनाऱ्याचं प्रकरण सुरू झालं होतं. कंपनीचा सल्लागार आमच्या कॉलेजात आला. कोकणातल्या उकाड्यात अंगात ब्लेझर! आम्ही त्याचं नावच ब्लेझर पाडलं. कंपनीच्या अहवालावर 'शैक्षणिक सहयोगी' म्हणून आमच्या विभागाची सही हवी होती.

ब्लेझरने स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात मॅडम चहा करत होत्या. सकाळी दोर ओढून आलेल्या, अंगाला वाळू, डोक्याला फडकं. ब्लेझरने त्यांच्याकडे बघून हातानेच 'साखर कमी' अशी खूण केली. मॅडमनी साखर कमी घातली.

"सर, रापण इज इनएफिशियंट," ब्लेझर सावंत सरांना सांगू लागला. "इतकी माणसं एक जाळं ओढतात! किनारा एका प्रोफेशनल हातात गेला पाहिजे. हे मी नाही म्हणत. एका नामवंत जर्मन इकॉनॉमिस्टने लिहून ठेवलंय, जे सर्वांचं असतं ते कुणाचंच नसतं. हा बघा कोट."

कोपऱ्यातून आवाज आला. "त्याच्या पुढचं वाक्य वाचलं का?"

ब्लेझर दचकला. "मॅडम, हा स्टँडर्ड रेफरन्स आहे."

"पहिलं वाक्य आहे, 'माझे सहकारी म्हणतात, जे सर्वांचं असतं ते कुणाचंच नसतं.'" मॅडमनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. "पुढचं आहे, 'त्यांनी एकदा तिथे जावं आणि ते उचलून बघावं.'"

ब्लेझरने गोंधळून सावंत सरांकडे पाहिलं. "सर, ह्या कोण?"

सर चहात बघत म्हणाले, "ह्याच त्या. स्टँडर्ड रेफरन्स."

*

तरी सहीचा प्रश्न होताच. वरून फोन येत होते. सावंत सरांची निवृत्ती तोंडावर आलेली, स्वभाव असा, आणि मला खात्री होती की सर "बघू या, बघू या" करत एक दिवस सही ठोकून मोकळे होणार. मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. मॅडम त्यांना काहीच म्हणाल्या नाहीत. फक्त रोज डब्यातला एक बांगडा त्यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवायच्या.

मुदतीच्या दिवशी सरांनी अहवाल समोर ओढला, पेन काढलं, शेवटचं पान उघडलं आणि लिहीत बसले. बराच वेळ लिहीत होते. सहीला एवढा वेळ? मी उठून मागून डोकावले. सरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'हा विभाग या अहवालाशी सहमत नाही. कारणे खालीलप्रमाणे.' पान भरलं होतं. मागच्या कोऱ्या पानावरही कारणं चालूच होती, आणि मग त्यांच्या खाली सही!

मॅडमनी विचारलं, "सर, कसं वाटतंय?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "बीपी वाढलंय. पण..." पेनाचं टोपण लावलं. "अजून एखादा कागद आहे का सही करायला?"

*

मग आली जनसुनावणी. गावातल्या शाळेच्या मैदानावर मांडव, समोर हिरवं कापड घातलेलं टेबल, मधोमध अध्यक्ष म्हणून एक साहेब, शेजारी ब्लेझर आणि त्याची माणसं. समोर सगळं गाव. सकाळची रापण मात्र कुणी चुकवली नव्हती. दोर ओढून, वाटे घालून मगच लोक मांडवात आले होते. मॅडम तेवढ्या गेल्या नव्हत्या. त्या पहाटेपासून माझ्याबरोबर आपल्या निवेदनाच्या प्रती लावत बसल्या होत्या.

मॅडमचं नाव पुकारलं, त्या उठल्या, आणि साहेबांनी हात वर केला. "एक मिनिट. आपण भारतीय नागरिक नाही. इथे फक्त बाधितांनी बोलायचं आहे. आपला या किनाऱ्याशी काय संबंध?"

मॅडमनी तोंड उघडायच्या आत मागून दाजी उठले. "तिचा वाटा हाय."

"काय आहे?"

"वाटा. रापणीत. वाटा हाय म्हंजे ती बाधित हाय."

ब्लेझर हसला. साहेब म्हणाले, "आजोबा, असं तोंडी नाही चालत. पुरावा लागतो."

दाजींनी हमीदचाचांकडे बघितलं. हमीदचाचा मांडवाबाहेर गेले आणि एक पाटी उचलून घेऊन आले. सकाळचे बांगडे, ओले, चकचकीत. त्यांनी ती पाटी थेट हिरव्या कापडावर ठेवली. पाणी टेबलभर पसरलं, आणि क्लार्कने कागद छातीशी धरले.

"ह्यो आजचा," दाजी म्हणाले. "ती आज दोरावर नव्हती, गावाच्या कामात होती. तरी काढून ठेवलाय. आता तुमीच सांगा साहेब, जिचा संबंध नाय तिचा वाटा कोन काढील?"

साहेबांनी पाटीकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग आवाज खाली आणून, आणि हे मी त्यांच्या बाजूने सांगते, माणूस वाईट नव्हता, म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे बोललात तर तुमच्या व्हिसाचं पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

"मीही नाही," मॅडम म्हणाल्या.

"बोला."

मॅडमच्या हातात निवेदनाचा गठ्ठा होता. आकृत्या, तळटीपा, सगळं. त्यांनी तो माझ्याकडे दिला. माइक बाजूला केला आणि ब्लेझरकडे वळून, मराठीत, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "हे बिघडलं, तर इथे राहणार कोण?"

सगळ्यात आधी दाजी उठले. मग हमीदचाचा. मग बायकांची रांग, लेकरं काखेत घेऊन. मग पोरं, मास्तर, ज्यांना नीट उठता येत नव्हतं ते शेजाऱ्याचा हात धरून. कुणी घोषणा दिली नाही. सगळा मांडव नुसता उभा राहिला. सावंत सरही उभे होते. मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही.

साहेबांनी क्लार्कला लिहून घ्यायची खूण केली, आणि मग ब्लेझरकडे वळले. "तुमचं उत्तर? राहणार कोण?"

ब्लेझरने घड्याळात बघितलं.

"सर, जरा लवकर आटपता येईल का? माझी संध्याकाळची गाडी आहे."